आर्कान्सॉत बदकं आणि गूस: गाइडसोबत शिकारीचा पहिला वीकेंड

डॅलस, मेम्फिस किंवा सेंट लुइसहून चार-पाच मित्र मिळून आर्कान्सॉला बदकांच्या आणि गूसच्या (कलहंसांच्या) शिकारीला जायचं ठरत असेल आणि त्यांतल्या कोणीच आजवर बंदूक धरली नसेल, तर तयारी किमान तीन महिने आधी सुरू करा. गाइड जागा देतो, नकली बदकं मांडतो, शीळ वाजवून खरी बदकं खाली उतरवतो, पडलेला पक्षी आणायला कुत्रा सोडतो. लायसन्स, काडतुसं, पक्ष्याची ओळख आणि चाप ओढायचा निर्णय मात्र ज्याचा त्याचा. गेम वॉर्डन (शिकारीचे नियम तपासणारा सरकारी अधिकारी) आला की प्रत्येकाचे कागद आणि प्रत्येकाची बंदूक वेगळी तपासतो. ‘गाइड म्हणाला म्हणून’ या उत्तराचा तिथे काही उपयोग नसतो.

आर्कान्सॉच का, तर भातामुळे. अमेरिकेत सर्वांत जास्त भात याच राज्यात पिकतो, तोही पूर्वेकडच्या सपाट खोऱ्यात. कापणीनंतर खाचरांत सांडलेलं भात आणि हिवाळ्यात साठवलेलं पाणी, शिवाय नदीकाठच्या ओकच्या जंगलात पाण्यात पडलेली ओकफळं, असा दुहेरी दाणापाणी असल्यामुळे उत्तरेकडून येणारी मॅलार्ड बदकं इथे थांबतात. लिटल रॉकपासून मोटारीने तासाभरावरचं स्टटगार्ट हे गाव या साऱ्याचं केंद्र. बदकांची हाक काढण्याची जागतिक स्पर्धा तिथे १९३६ पासून भरते.

इथे दिसणारी गॅडवॉल, थापट्या आणि तलवार बदक हिवाळ्यात उजनीला आणि नांदूरमध्यमेश्वरलाही दिसतात. जाती त्याच, पण भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्यांची शिकार गुन्हा आहे. तेव्हा या लेखातलं सगळं अमेरिकेपुरतंच.

तारीख आणि बुकिंग

आर्कान्सॉत बदकांचा हंगाम एकूण ६० दिवसांचा. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि जानेवारीअखेर संपतो, मात्र मध्ये काही दिवस बंद असतो. त्या वर्षीच्या तारखा आर्कान्सॉ गेम अँड फिश कमिशनच्या पुस्तिकेत बघूनच सुट्टी टाका. नवख्यांना नाताळानंतरचे दोन-तीन आठवडे बरे, कारण तोवर उत्तरेत पाणी गोठून बदकं खाली आलेली असतात. थंडीची लाट येऊन वारा उत्तरेचा झाला की पुढचे दोन दिवस सर्वांत चांगले. लाट फारच कडक असली, तर खाचरं गोठतात आणि बदकं आणखी दक्षिणेला निघून जातात. हे कोणाच्याच हातात नाही, म्हणून ‘पाणी गोठलं तर काय करता’ हा प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारून ठेवायचा.

खर्च दर माणशी दर दिवशी साधारण २०० ते ५०० डॉलर धरा. मुक्काम आणि जेवण त्यात आहे की वेगळं, यावर आकडा हलतो. आगाऊ रक्कम सहसा परत मिळत नाही. फोनवर हे विचारा: गाइडकडे राज्याचं गाइड-लायसन्स आहे का, जमीन खासगी आहे का, एका लपणात (शिकाऱ्यांनी दडून बसायच्या जागेत) किती बंदुका बसवता आणि आमच्यात अनोळखी माणसं घालणार का, बंदूक आणि वेडर (पाण्यात घालायची जलरोधक विजार) भाड्याने मिळतील का, पक्षी साफ करून मिळतात का. एका लपणात चार नवखे पुरे. सहा असतील तर दोन गट आणि दोन गाइड मागा. सहा नवशिक्या बंदुका एका रांगेत बसवायला जो गाइड आनंदाने तयार होतो, तो टाळलेला बरा.

आणखी एक प्रश्न जरा अवघड वाटला तरी विचाराच: ‘त्या खाचराचं पीक कसं काढलं?’ नेहमीप्रमाणे कापणी केलेल्या खाचरात शिकार चालते. उभं पीक तसंच ठेवून पाणी सोडलं असेल तरीही चालते. कापणी न करता पीक नुसतं आडवं पाडलं, किंवा मुद्दाम दाणे टाकले, तर ती जागा ‘आमिष घातलेली’ ठरते आणि आमिष पूर्ण काढल्यानंतरही दहा दिवस तशीच मानली जाते. जागा तशी आहे हे तुम्हाला माहीत होतं, किंवा माहीत असायला हवं होतं, इतकंही गुन्ह्याला पुरतं. चांगला गाइड या प्रश्नाने रागावत नाही.

कागदपत्रं, आणि त्यांचा क्रम

एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, एच-फोर अशा व्हिसावर असलेल्यांनी हा भाग दोनदा वाचावा. अमेरिकेच्या फेडरल कायद्याप्रमाणे अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यांत एक हा, की अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने दिलेलं चालू मुदतीचं शिकारीचं लायसन्स तुमच्याजवळ हवं. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग लायसन्स, आणि त्यानंतरच सरावासाठी बंदूक हातात. पुष्कळ जण उलटं करतात, आधी रेंजवर जाऊन मित्राची बंदूक चालवून बघतात आणि लायसन्स शिकारीच्या आदल्या रात्री काढतात. मित्राची बंदूक ‘जरा धरली’ तरी ती बाळगणंच ठरू शकतं. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. आई-वडील व्हिजिटर व्हिसावर आले असतील आणि सोबत यायचं म्हणत असतील, तर कॅमेरा घेऊन येऊ द्या, बंदूक त्यांच्या हाती देऊ नका. स्वतःच्या बाबतीत शंका असली तर इमिग्रेशन वकिलाला विचारा. गाइडला यातलं माहीत असेलच असं नाही.

कोर्सचं कार्ड एका राज्यात काढलं की ते बाकीच्या राज्यांतही मानलं जातं. आर्कान्सॉत १९६८ नंतर जन्मलेल्या, सोळा वर्षं पूर्ण झालेल्या शिकाऱ्याला ते लागतं. काही राज्यांत ऑनलाइन अभ्यासानंतर एक दिवस प्रत्यक्ष हजेरी लावावी लागते, त्याच्या जागा लवकर भरतात.

कोर्स झाल्यावर आर्कान्सॉबाहेरच्या माणसाला चार गोष्टी लागतात: राज्याचं अनिवासी शिकार-लायसन्स, राज्याचा अनिवासी पाणपक्षी स्टॅम्प, एचआयपी नोंदणी आणि फेडरल डक स्टॅम्प. एचआयपी म्हणजे मागच्या हंगामात किती पक्षी मारले यासारखे दोन मिनिटांचे प्रश्न. ते फुटकळ वाटल्यामुळेच लोक विसरतात. डक स्टॅम्प २५ डॉलरचा. १९३४ पासून चालत आलेल्या या स्टॅम्पचे जवळजवळ सगळे पैसे पाणथळ जमिनी विकत घेण्यात किंवा भाड्याने घेऊन राखण्यात जातात. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक शिकाऱ्याला तो सक्तीचा. कागदी स्टॅम्प नेणार असाल तर त्यावर शाईने आडवी सही करा, सहीविना तो चालत नाही. इलेक्ट्रॉनिक स्टॅम्प आता पूर्ण हंगाम चालतो. फोनला रेंज नसते, तेव्हा सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा आणि एक छापील प्रत प्लास्टिकच्या पिशवीत खिशात ठेवा.

बंदूक आणि काडतुसं

पहिल्या खेपेला बंदूक विकत घेऊ नका. गाइडची किंवा रेंजची बारा बोअर ऑटो किंवा पंप पुरते. खांदा हलका असेल तर वीस बोअर. मॅगझिनमध्ये (काडतुसं भरायच्या नळीत) प्लग, म्हणजे जागा कमी करणारा अडसर हवा, म्हणजे बंदुकीत एकूण तीनपेक्षा जास्त काडतुसं जाता कामा नयेत. भाड्याची बंदूक हातात आली की आधी ती रिकामी असल्याची खात्री करा, मग तीन काडतुसं भरून चौथं जातं का ते बघा. जात असेल तर ती बंदूक परत करा. ही तपासणी मोकळ्या जागी, नळी जमिनीकडे धरून करायची.

शिशाची काडतुसं पाणपक्ष्यांसाठी देशभर बंद आहेत, १९९१ पासून. कारण साधं आहे: बदकं दाणे दळण्यासाठी खडे गिळतात, त्यांत तळाशी पडलेले शिशाचे छर्रेही गिळले जातात आणि पक्षी विषबाधेने मरतो. शिशाचं काडतूस नुसतं खिशात सापडलं तरी दंड होतो, आणि नवख्यांचा घोळ होतो तो इथेच. मातीच्या तबकड्यांवर सराव शिशाच्या काडतुसांनी होतो आणि त्यातलं एखादं जॅकेटच्या खिशात राहून जातं. सरावाचं जॅकेट आणि शिकारीचं जॅकेट वेगळं ठेवा, नाहीतर निघण्यापूर्वी सगळे खिसे उलटे करा.

बदकांसाठी तीन इंची काडतूस, स्टीलचे दोन नंबरचे छर्रे. झाडीत अगदी जवळून उडणाऱ्या बदकांसाठी चार नंबर (त्याहून बारीक छर्रा) चालतो, गूससाठी बीबी (त्याहून मोठा). हिशेब असा की दोन नंबरचे एका औंसात सुमारे १२५ छर्रे बसतात आणि बीबीचे ७२. छर्रा मोठा घेतला की तो जास्त आत शिरतो, पण संख्या कमी झाल्यामुळे छऱ्यांच्या जाळीला भोकं पडतात. चोक (नळीच्या तोंडाचा निमुळतेपणा) मॉडिफाइड किंवा इम्प्रूव्हड सिलिंडर ठेवा. फुल (सर्वांत निमुळता) चोक स्टीलसाठी नको. स्टील शिशासारखं दबत नाही, त्यामुळे जाळी बिघडते आणि नळीलाही धोका असतो. दिवसाला दोन बॉक्स, म्हणजे पन्नास काडतुसं, जवळ असू द्या. नवख्याला एका पक्ष्यामागे पाच-सहा लागली तर नवल नाही.

विमानाने जाणार असाल तर काडतुसं तिथेच घ्या. स्वतःची बंदूक असलीच तर रिकामी, कुलूपबंद टणक पेटीत, चेक-इन सामानात, आणि काउंटरवर स्वतःहून सांगून.

सराव

लायसन्स आल्यावर तीन-चार शनिवार क्ले रेंजवर घालवा, दर वेळी पन्नास ते शंभर तबकड्या. त्याहून जास्त मारल्या तर खांदा दुखतो आणि माणूस चाप ओढताना दचकायला शिकतो. आधी कुठला डोळा प्रबळ आहे ते तपासून घ्या: उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ असेल, तर सगळे बार एका बाजूला जातात आणि कारण महिनाभर कळत नाही. गाल दस्त्यावर टेकलेला, नजर पक्ष्यावर, नळीकडे अजिबात नाही. पक्ष्याच्या मागून नळी आणायची, त्याला ओलांडायचं, चाप ओढायचा आणि नळी चालतीच ठेवायची. बहुतेक बार मागे पडतात, कारण चाप ओढता ओढता हात थांबतो. दुसरं कारण, पक्षी पडला का हे बघायला गाल वर उचलला जातो. हिवाळी जॅकेट आणि वेडर घालूनही एकदा सराव करा. जाड कपड्यांत दस्ता काखेत अडकतो.

कपडे

वेडर छातीपर्यंतचे, एक साइज मोठे, आणि कमरेला पट्टा घट्ट आवळलेला. पाय घसरून पडलात तर आत पाणी शिरणं हा पट्टाच रोखतो. आत लोकरी किंवा सिंथेटिक थर. जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा, सुती कापड भिजलं की अंग गार पडतं. दोन जोड हातमोजे, डोक्याला लाल प्रकाशाचा दिवा, कानात प्लग, डोळ्यांना चश्मा. चेहरा झाकायला पातळ मुखपट्टी लागतेच, कारण वर बघणारा उघडा चेहरा बदकांना लांबून दिसतो. चहाचा थर्मास न्या, त्यावर गाइड खूश होतो.

पहाट आणि लपण

डिसेंबरअखेर स्टटगार्टला सूर्य सातच्या थोडं नंतर उगवतो आणि बार काढायला सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून परवानगी असते. म्हणजे साडेसहा-पावणेसातपर्यंत नकली बदकं मांडून, काडतुसं हाताशी ठेवून बसलेलं असायला हवं, आणि त्यासाठी उठायचं चारला. आदल्या रात्रीची बाटली एकावर थांबवा. लपणात दारू मुळीच नको.

पाण्यात चालताना बंदूक रिकामी, नळी आकाशाकडे, गाइडच्या मागोमाग एका ओळीत. पाय घासत पुढे सरका, उचलून टाकू नका. तळाशी बीव्हरने केलेले चर आणि बुडालेली खोडं असतात. मांडणी गाइडच करतो, पण ती समजून घ्या. बदकं वाऱ्याकडे तोंड करून उतरतात, म्हणून लपण वाऱ्याला पाठ देऊन असतं आणि नकली बदकांच्या मधोमध उतरायला मोकळं पाणी ठेवतात. सर्वांत लांबचं नकली बदक साधारण ३५ यार्डांवर आहे का, हे विचारून घ्या. दिवसभर तोच तुमचा मोजदांडा: त्यापलीकडे बार नाही.

जागा वाटून दिल्या की गाइड प्रत्येकाचा बार काढायचा पट्टा ठरवतो. घड्याळाच्या भाषेत टोकाचा माणूस नऊ ते अकरा, मधले अकरा ते एक, असं काहीतरी. तो मोडायचा नाही. अपघात बहुतांशी असे होतात: पक्षी रांगेला समांतर उडतो, माणूस नळी त्याच्यामागे फिरवत नेतो आणि शेजाऱ्याच्या डोक्यावरून जातो. तुमच्या पट्ट्याबाहेर गेलेला पक्षी शेजाऱ्याचा. नळी वर करा आणि थांबा. पाण्यालगत उडणाऱ्या पक्ष्यावर बार नाही, तिथे कुत्रा असतो. सेफ्टी (चाप अडवणारी कळ) बंदूक खांद्याला लावतानाच काढायची आणि उतरवताना लावायची. गाइडने आवाज देईपर्यंत उठायचं नाही. सगळे एकदम उठले तर सगळ्यांना बार मिळतो. एक जण आधी उठला की थवा उधळतो आणि बाकीचे नुसते बघत राहतात.

पाण्यात उभ्या झाडीत शिकार असेल तर झाडाला टेकून, सावलीच्या बाजूला उभं राहायचं, मान खाली. थवा वर घिरट्या घालत असताना पायाने पाणी हलवत राहिलं की लाटा उठतात आणि नकली बदकं जिवंत वाटतात. झाडीत ऊन असलेला दिवस चांगला, कारण सावल्यांत माणूस लपतो. ढगाळ दिवशी वरून सगळं दिसतं. शीळ तुम्ही वाजवू नका आणि कुत्र्याला हुकूम देऊ नका.

थव्याच्या मध्यावर कधीच बार काढू नका. एक पक्षी निवडा, तो पडेपर्यंत त्याच्यावरच राहा. आर्कान्सॉत दिवसाची मर्यादा माणशी सहा बदकं, त्यांत मॅलार्ड चारच आणि मॅलार्डच्या माद्या फार तर दोन. इतर जातींच्या पोटमर्यादा वर्षावर्षाला बदलतात. पहाटेच्या अंधुक उजेडात नर-मादी कळत नाही; मॅलार्ड नराचं हिरवं डोकं दिसेपर्यंत थांबा. जखमी होऊन पडलेला पक्षी ताबडतोब शोधून मारायचा आणि तोही मोजायचा. दुसऱ्याची मर्यादा आपण भरायची नाही. प्रत्येकाचे पक्षी टांगायच्या वेगळ्या पट्ट्याला अडकवायचे. एकत्र ढीग केला की कोणाचे कोणते हे वॉर्डनला दाखवता येत नाही.

गूसचा दिवस

दुसरी सकाळ सहसा कोरड्या खाचरात, जमिनीवर आडवं पडून. स्नो गूस आणि स्पेकलबेली, म्हणजे पांढऱ्या कपाळाचे गूस, इथे मोठ्या थव्यांनी असतात. चिखल हाडापर्यंत गार असतो, पाठीखाली काहीतरी घ्या. गूस आकाराने मोठा असल्यामुळे आहे त्यापेक्षा जवळ वाटतो, म्हणून नवखे साठ यार्डांवर बार काढतात. पक्ष्याचा डोळा किंवा पायांचा रंग स्पष्ट दिसेपर्यंत थांबा. नेम डोक्या-मानेच्या पुढे. अंगाकडे बघून मारलं तर छर्रे शेपटीला लागतात.

पांढरं काही दिसलं की तो स्नो गूस असं धरू नका. हंस पूर्ण पांढरे आणि लांब मानेचे, त्यांची शिकार इथे बंद. पेलिकनचे पंखही स्नो गूससारखे टोकाला काळे असतात, पण त्याची चोच लपत नाही.

फेब्रुवारीत नेहमीचा हंगाम संपल्यावर स्नो गूससाठी वेगळी मुभा मिळते. त्यांची संख्या वाढून आर्क्टिकमधली गवताळ जमीन उखडली जाऊ लागली, म्हणून १९९९ पासून हा प्रकार आहे. त्या दिवसांत इलेक्ट्रॉनिक आवाज चालतो, प्लग काढता येतो आणि दिवसाची मर्यादा नसते. हे डिसेंबरात केलं तर गुन्हा. व्हिडिओ बघून जाणाऱ्यांचा नेमका इथे गोंधळ होतो.

पक्षी घरी नेताना

गाइडला रोख बक्षिसी शिकारीच्या खर्चाच्या साधारण पंधरा ते वीस टक्के. कुत्रा सांभाळणारा आणि पक्षी साफ करणारा वेगळा असेल तर त्यांची वेगळी. साफ करणाऱ्याला आधीच सांगा, की प्रत्येक पक्ष्याला एक पूर्ण पिसांचा पंख किंवा डोकं राहू दे. घरी पोहोचेपर्यंत जात ओळखता यावी म्हणून हा फेडरल नियम आहे. नुसत्या छातीच्या फाकी झिपलॉकमध्ये भरून निघालात तर वाटेत अडचण येईल. एका मित्राने सगळ्यांचे पक्षी आपल्या कूलरमधून न्यायचे असतील, तर प्रत्येक पिशवीला चिठ्ठी हवी: मारणाऱ्याची सही आणि पत्ता, किती पक्षी, कुठल्या जातीचे, कुठल्या तारखेला. विकायचे तर मुळीच नाहीत.

२०२२ पासून अमेरिकेतल्या जंगली बदकांत आणि गूसमध्ये बर्ड फ्लू आढळतो आहे. साफ करताना रबरी हातमोजे घाला, मध्ये काही खाऊ-पिऊ नका, आजारी किंवा मेलेला सापडलेला पक्षी उचलू नका. घरी कोंबड्या किंवा पोपट असेल तर शिकारीचे बूट-कपडे त्यांच्यापासून लांब ठेवा.

मांस शिजवताना छातीच्या फाकीत प्रत्येक काळ्या डागाखाली बोट फिरवून छर्रा काढा; स्टीलच्या छऱ्याने दात तुटतो. सरकारी सल्ला आत ७४ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवायचा. बदकाची छाती तेवढ्याने जरा कोरडी पडते, म्हणून पातळ काप करून आलं-लसूण आणि दह्यात मुरवून सुकं केलेलं चांगलं. गूसच्या तंगड्या चिवट असतात. त्या कुकरमध्ये कांदा-खोबऱ्याच्या वाटणात पाऊण तास ठेवा, नंतर झाकण काढून रस्सा आटवा. चरबीला पाण्याचा वास येत असेल तर ती शिजवण्यापूर्वीच काढून टाका.

वेडर आतून उलटे करून उलटे टांगा आणि दोन दिवस वाळू द्या. बंदूक भाड्याची असली तरी चिखल पुसून, रिकामी दाखवून परत करा.